कुंडी की खूनी

विमल, ते कुंडी की खूनी, हे आपलं ठरायचं राहून गेलं. बाकी सगळं ठरलेलं होतं. मधल्या खोलीचा रंग ठरला होता, नातीचं नाव ठरलं होतं, माझ्या चहातली साखर तर तू मला न विचारताच ठरवून टाकली होतीस. हे एकच राहिलं. अकरा वर्षं भांडलो आणि तू मधूनच उठून गेलीस. भांडण अर्धं टाकून जायची तुझी सवय नव्हती.

आज सव्वीस दिवस झाले. तेराव्याला लोक आले, जेवले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. शांत होती म्हणे, सोशिक होती म्हणे. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मनात म्हटलं, ही माणसं चुकीच्या घरी तर आली नाहीत? ज्या बाईने महाराष्ट्रातला आणि कर्नाटकातला एक वॉचमन प्रश्न विचारल्याशिवाय सोडला नाही, ती शांत? हे कोणी बोललं नाही म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी. तू सातवी. तू असतीस तर चुकांवर बोट ठेवत वाचलं असतंस. कविता म्हणाली, बाबा, तुम्ही लिहा, मी नीट करून देते. मी तिला सांगितलं, नीट करायचं नाही, फक्त अक्षर लागलं नाही तर विचार. सून चांगली आहे आपली. हे तिच्या तोंडावर मी म्हणालो नाही, पण आता ती वाचेलच.

तुझी ही फिरायची खोड कुठून आली, यावर मी या दिवसांत पुष्कळ डोकं चालवलं. मला वाटतं, चूक माझीच. चाळीस वर्षं तू घरी कांड्या भरल्यास. चरख्यापुढे बसायचं, लडीतलं सूत त्या बोटभर कांडीवर गुंडाळायचं, टोपलं भरलं की पॉवरलूमच्या कारखान्यात नेऊन द्यायचं. नेऊन द्यायचं म्हणजे दारापर्यंत. आत मी माग चालवायचो. तू भरलेली कांडी माझ्याच धोट्यात बसायची, इकडून तिकडे पळायची, कापड व्हायची. पण तू आत कधी आली नाहीस. बायकांनी आत यायचं नाही असा बोर्ड काही नव्हता. कोणी येत नसे, एवढंच. एकदा जेवताना तू विचारलंस, "अहो, माझी कांडी आत जाऊन काय करते?"

मी म्हणालो, "संपते."

तू हसलीस. मीही हसलो आणि भाकरी मागितली. ते तुला लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझे कान गेले, गुडघे गेले, माग सुटला. आपला पोरगा राजू केळीच्या ट्रका भरून द्यायच्या धंद्यात लागला, घरचं बरं चाललं. आणि मग आपण भाच्याच्या लग्नाला वर्ध्याकडे गेलो. बसमधून तुला एक उंच धुराडं दिसलं. धूर नाही, नुसतं धुराडं, वर पिंपळ उगवलेला. "अहो, हे कसलं?" मी म्हटलं बंद मिल असेल. तू म्हणालीस, "मग उतरा." लग्नाचे कपडे अंगावर, हातात आहेराची पिशवी, आणि आपण रस्त्यात उतरलो.

मिल कधीचीच बंद पडलेली, पण एक शेड साफसूफ करून लोकांना बघायला ठेवली होती. मध्ये एक जुना माग, त्यावर अर्धं कापड तसंच चढवलेलं. वॉचमन म्हातारा होता. मी त्याच्याशी धुराड्याच्या उंचीचं बोलत होतो, तेवढ्यात तो ओरडला.

"ओ बाई, हात लावू नका. हेरिटेज आहे."

"हेरिटेज म्हणजे काय?"

"म्हणजे हात लावायचा नाही."

"मग ही तारं तुटलेली अशीच ठेवायची? तुम्हाला बघवतं कसं?"

आणि तू बसलीस की. तुटलेल्या ताराची दोन टोकं धरलीस, बोटाला थुंकी लावलीस, गाठ मारलीस, दाताने जास्तीचं सूत तोडलंस. दुसरं घेतलंस. तिसरं घेतलंस. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली, खरं सांगतो. आणि लाजेच्या खाली दुसरं काहीतरी वाटलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. थोड्या वेळाने तो वॉचमन आत गेला. मला वाटलं साहेबाला आणतोय. तो स्टूल घेऊन आला तुझ्यासाठी.

आपण मांडवात पोचलो तेव्हा पंगत उठली होती. ताई चिडलेली. "कुठे होतात इतका वेळ?" तू म्हणालीस, "मिलमध्ये होते. कामावर."

तिथून जे सुरू झालं ते झालं. मूर्तिजापूरला छोट्या रेल्वेचे रूळ बघायला गेलो. गाडी बंद, रुळांत गवत, आणि तू गेटमनचं घर शोधत फिरलीस. सोलापूरला मिलचा भोंगा बघितला. भोंगा काय बघायचा, तो ऐकायचा असतो, मी म्हणालो. तू म्हणालीस, वाजत नाही तर बघू तरी. मी टोमणे मारायचो. लोक काशीला जातात, माझी बायको भंगाराला जाते. तू म्हणायचीस, "काशी कुठे जात नाही. हे कोणीतरी उचलून नेईल." आम्ही चालवलेले माग कसे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. टेम्पोत टाकताना त्यांचे पाय वर होते.

तुझे प्रश्न मात्र अजब. धुराडं किती उंच, इंजिन कुठल्या देशातलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. ते मी विचारायचो, माणसाने काहीतरी विचारावं म्हणून. तू विचारायचीस, पाणी कुठून प्यायचे? बायका कामाला असतील तर त्यांची पोरं कुठे निजायची? डबा थंड खायचे की गरम? वॉचमन डोकं खाजवायचे. पण सांगायचे. सोलापूरच्या त्या माणसाने तर आपल्या आईचं सगळं आयुष्य सांगितलं, पाळण्याच्या खोलीपासून. मला मागच्या माणसाची लाइन अडली याचीच चिंता.

मग बेंगळुरूला मुलीकडे गेलो. ती म्हणाली, बाग दाखवते. तू म्हणालीस, ते सोन्याच्या खाणीचं गाव जवळ आहे ना? जवळ कसलं, सकाळची गाडी. कोलारला खाणी बंद, आत कोणी सोडत नाही. बाहेर नुसते राखेच्या रंगाचे डोंगर, खाणीतून काढलेल्या मातीचे. चहाच्या टपरीवर एक म्हातारा भेटला, खाली काम केलेला. त्याला मराठी नाही, तुला त्याची भाषा नाही, दोघांचं हिंदी मोडकं. तू हाताने घास करून तोंडाजवळ नेलास आणि वर बोट दाखवलंस, मग खाली दाखवलंस. जेवायला वर यायचे का? म्हाताऱ्याने खाली बोट दाखवलं. खालीच. मग त्याने तळहात नाकासमोर धरला आणि म्हणाला, "अंधेरा. हाथ नहीं दिखता." तू त्याच्या हाताकडे कितीतरी वेळ बघत राहिलीस.

परतीच्या गाडीत भुसावळ आलं तेव्हा बोललीस.

"लोक इतकं खाली जाऊन भाकर खाऊन आले. आणि आपण आपल्या गावातलं नाही बघितलं. आता कुंडी भंडारा."

कविता म्हणते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून इथे सांगतो. तुला माहीत आहे. आपल्या गावात लालबागकडे बादशाही काळातलं पाण्याचं काम आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून गावात आणलेलं. वरून बघितलं तर विहिरींसारखी एकामागून एक गोल तोंडं दिसतात. त्या कुंड्या. खाली सगळ्या एका बोगद्याने जोडलेल्या. पंप नाही, मोटर नाही, पाणी आपलं आपण उताराने चालतं. खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे. दूरदूरचे लोक येऊन बघून जातात. आपल्या राजपुऱ्यातून रिक्षाने गेलं तर चहा थंड होईपर्यंत पोचतो माणूस.

मी म्हणालो, "कुंडी नाही, खूनी. खूनी भंडारा. माझी आई खूनीच म्हणायची. तिथे माणसं मारून टाकायचे."

"कोणी पाहिली मारताना? कुंड्या आहेत म्हणून कुंडी. लोकांनी तोंड वाकडं करून खूनी केलं."

"सातवी शिकलीस म्हणून गावातल्या जागांची नावं बदलशील?"

"तुम्ही चौथी शिकलात म्हणून माणसं माराल?"

अख्खा डबा हसला. हे भांडण त्या दिवशी गाडीत लागलं आणि मग घरात राहायलाच आलं. तू म्हणायचीस कुंडीला चला, मी म्हणायचो खूनीला कोण जातं. कधी माझं बीपी, कधी रविवारची गर्दी, कधी वटवाघळं, कधी लिफ्ट बंद. लिफ्ट बंद पडायची हे खरं. पण मी सांगायचो तितक्या वेळा नाही. एकदा चिडून म्हणालो, जायचं तर जा ना एकटी. तू पिशवी घेऊन निघालीस, मला वाटलं गेली. अर्ध्या तासाने मेथी घेऊन आलीस. म्हणालीस, "एकटीने बघून काय करू? दोघांनी बघितलं तर भांडता येतं."

आता ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मी भीत होतो. माणसं मारल्याची गोष्ट आईची, ती मी पुढे केली. दहा वर्षांचा असताना मला धूलकोटला मामाच्या शेतात विहिरीचा गाळ काढायला दोराला बांधून सोडलं होतं. सगळ्यांत बारीक मी होतो. मध्येच दोर अडकला. ना वर, ना खाली. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा आणि मामाचं डोकं. किती वेळ लोंबकळलो कोण जाणे. वर काढलं तेव्हा चड्डी ओली होती आणि सगळे हसले. त्यानंतर मी विहिरीत वाकून सुद्धा बघितलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, आपल्या गल्लीतल्या विहिरीवरून बादली नेहमी तूच आणायचीस. मी म्हणायचो, बाईचं काम आहे.

तुला एवढं सगळं विचारायचं असायचं लोकांना. हे एक तू मला कधी विचारलं नाहीस. की तुला मालूम होतं? याचा मला अजून उलगडा होत नाही. शेवटच्या आठवड्यात तू खाटेवर, श्वास लागत होता, आणि कविता मोबाइल बघून म्हणाली, आई, लिफ्ट चालू झाली बरं का. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. "आता?" मी म्हणालो, "बरी हो, जाऊ." तू म्हणालीस, "आधी तुमचं तोंड बघा आरशात." मी उठून खरंच बघितलं. घाम आला होता. मागून तुझं हसणं ऐकू आलं, मग खोकला. त्या हसण्याचा अर्थ काय होता, तेवढं सांगून जायचं होतंस.

'जाऊ' असं मी म्हटलेलं आहे. माझ्याजवळ तुझं दुसरं काही देणं-घेणं बाकी नाही, हा एक शब्द आहे. म्हणून काल मी गेलो. कविताला सांगितलं दवाखान्यात जातो.

खिडकीवरच्या माणसाला मी मुद्दाम म्हणालो, "कुंडी भंडारा, एक." तुझं नाव घेऊन शपथेवर सांगतो, कुंडी म्हणालो. तो म्हणाला, "खूनी भंडारा? सीधा बोलो ना चाचा, उधर लाइन में." आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोललो आणि हे असं.

लिफ्ट चालवणाऱ्याला सगळे रशीदभाई म्हणत होते. माझ्याएवढा नाही, पण पिकलेला माणूस. मी पिंजऱ्याच्या दाराशी उभा, पाय उचलेना. मागच्या लोकांना मी पुढे सोडलं. पुन्हा आले त्यांनाही पुढे सोडलं. तिसऱ्यांदा रशीदभाई म्हणाला, "चाचा, किसी का इंतजार है क्या?" मी म्हणालो, नाही. आणि चढलो.

खाली जाताना मी डोळे मिटले. लोखंडाचा करकर आवाज, मग हवा थंड झाली. रशीदभाई म्हणाला, "आँख खोलो. आँख बंद करके तो घर पे भी बैठ सकते थे." मी उघडले. तोवर आम्ही पोचलो होतो. विमल, एवढंच होतं. पानाची पिंक टाकून माणूस तोंड पुसतो, तेवढाच वेळ.

आता तुला सांगतो काय होतं, तू नीट ऐक. खाली अंधार नाही. मला वाटलं होतं कोलारच्या म्हाताऱ्यासारखा हात दिसणार नाही. पण प्रत्येक कुंडीच्या तोंडातून उजेड खाली पडतो, पाण्यावर गोल पडतो, आणि पुढे बघितलं तर एकामागे एक असे गोल, लहान लहान होत गेलेले. पाणी घोट्यापर्यंत. उभं राहिलं तर कळतं की ते चाललंय, बोटांच्या फटीतून हळू ओढतं. भिंतींवर पांढरा थर. आपल्या पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा, पण हातभर जाड. रशीदभाई म्हणाला, पाण्यातल्या चुन्याने बोगदा दरसाल थोडा थोडा अरुंद होतोय.

मग मी तुझे प्रश्न विचारले. मला ते विचारता येतात का बघत होतो. म्हटलं, हे खणणारे जेवायला वर जायचे की खालीच खायचे? रशीदभाई म्हणाला, "सब पूछते हैं कौनसे बादशाह ने बनाया. खाना किसी ने नहीं पूछा." मग त्यालाच चैन पडेना. म्हणाला, टोपली कुंडीतून दोराने सोडत असतील, नाहीतर एवढी तोंडं कशाला ठेवली? मी म्हणालो, तोंडं हवेसाठी, माती काढण्यासाठी. तो म्हणाला, माती निघू शकते तर रोटी का नाही येणार? आम्ही दोघं त्यावर बराच वेळ भांडलो. वरून लोक लिफ्टसाठी ओरडत होते.

आणि एक गोष्ट मी एकट्याने शोधली, ती तुला सांगायची घाई झाली होती मला. एके ठिकाणी चुन्याचा थर नव्हता, मूळ दगड-माती उघडी होती. त्यावर खणल्याचे घाव. मी हात फिरवला. सगळे घाव एका बाजूला कललेले, सारख्या अंतरावर, सारख्या जोराचे. आणि मग एकदम बदलले. आखूड झाले, उलट्या बाजूला कलले. कापडात असंच होतं. पाळी बदलली, माणूस बदलला की कापड बोटाला वेगळं लागतं, कुठे माझं संपलं आणि कुठे दुसऱ्याचं सुरू झालं ते मी डोळे मिटून सांगायचो. मी रशीदभाईला म्हणालो, इथे माणूस बदललाय. पहिला उजवा होता, दुसरा डावखुरा. तो इतकी वर्षं तिथे लिफ्ट चालवतो. त्याने स्वतः हात फिरवला, दोनदा फिरवला. "या अल्ला," म्हणाला हळूच, आणि मग म्हणाला, "पहला वाला कहाँ गया होगा?"

हा प्रश्न तुझा होता. तू असतीस तर तूच विचारला असतास, त्याच्या आधी.

नावाचं पण विचारलं मी. तो म्हणाला, "अम्मी खूनी बोलती थीं, साहब लोग कुंडी बोलते हैं. मैं लिफ्ट बोलता हूँ." तेव्हा आपलं भांडण आहे तिथेच आहे.

वर आलो आणि तिथल्या दगडावर बसलो. मला माझा राग आला. अकरा वर्षं मी ज्याला घाबरलो ते एवढंसं होतं, हा राग नव्हता. भीती असते माणसाला, त्याला इलाज नाही. पण मी ते तुला सांगितलं असतं, तर तू दोन दिवस चिडवलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी एकटी उतरली असतीस. वर येऊन मला सगळं सांगितलं असतंस, डाव्या हाताचं, उजव्या हाताचं. तुला ते घाव माझ्याआधी दिसले असते. मी लाज राखायला गेलो आणि तू वरच राहिलीस.

घरी आलो तर कविता दारात. "बाबा, दवाखान्यात पाय धुतात का?" पायजमा खालून ओला होता. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, मामाच्या विहिरीपासून. चड्डीचं पण सांगितलं. ती हसली नाही. भाजी निवडत ऐकत राहिली.

मग म्हणाली, "मला पण बघायचंय कधीपासून. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते ह्यांना. ह्यांना नेहमी काहीतरी काम निघतं."

राजूला काम असतं हे खरं. पण तो सांगतो तितकं नसतं, हे मला माहीत आहे. कुठून शिकला तेही माहीत आहे.

मी म्हणालो, "त्याची वाट बघू नको."

"एकटी जाऊ?"

"एकटी जा. लिफ्टवर रशीदभाई असेल, त्याला सांग राजपुऱ्याच्या चाचांची सून आहे. पोरीला मी सांभाळतो. भाजी राहू दे."

"आत्ता?" ती म्हणाली. "बाबा, पाच वाजत आले. उद्या जाते ना."

मी उठलो आणि रिक्षा बघायला गल्लीच्या तोंडाशी गेलो.